लग्नाच्या कॅसेटमधले खोपे

आषाढी एकादशी झाली की आमच्या घरातला कॅमेरा झोपायचा. लग्नांचे मुहूर्त संपलेले असायचे आणि तुळशीच्या लग्नापर्यंत सौंसरमध्ये कोणाला व्हिडिओची गरज पडायची नाही. बाबा त्याला आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तांदळाच्या कोठीशेजारी ठेवत, कारण तांदूळ ओल ओढून घेतो असं आईचं मत होतं. आताच्या लेकरांना सांगूनही पटणार नाही एवढा तो कॅमेरा होता. खांद्यावर घेतला की भरल्या कळशीसारखा वाटायचा, आणि आत चालणारी कॅसेट कानाशी सतत घरघरत राहायची. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागच्या दोन खोल्यांत बाबा, आई आणि मी. लग्नसराईत घरात कॅसेट मागे फिरवण्याचा किर्र आवाज आणि आईच्या पाटवडीच्या रश्श्याचा वास एकदमच असायचा. कॅसेट मागायला आलेलं गिऱ्हाईक ती तयार नाही म्हणून चिडून उठू लागलं, की आई त्याच्यापुढे ताट ठेवायची. रस्सा इतका तिखट असायचा, की नाक पुसता पुसता माणूस चिडायचं विसरून जायचा. बाबा म्हणत, स्टुडिओ माझ्या नावाचा आहे, पण चालतो तुझ्या रश्श्यावर.

मी तेव्हा गणित घेऊन कॉलेजात शिकत होते. सौंसर मध्य प्रदेशात, म्हणून शाळा-कॉलेज हिंदीत, पण घरी-दारी मराठी, अशीच आमची सगळी पिढी वाढली. फोटो बाबा काढत आणि व्हिडिओ मी करायचे, याचं कारण साधं होतं. हळद लावताना, चुडा भरताना बायकांच्या घोळक्यात पुरुष कॅमेरा घेऊन शिरला की बायका गप्प होत. मी शिरले की त्या आणखी चेकाळत. ‘ये वंदे, तुह्याही गालाले लावतो,’ म्हणत हळदीचे हात भिंगापर्यंत येत. ते पिवळे डाग काढायला बाबांना दुसऱ्या दिवशी सकाळ लागायची.

त्या वर्षी जूनमध्ये मोहगावच्या रस्त्यावरच्या वसंतकाकांच्या मुलाच्या, दिलीपच्या लग्नाचा व्हिडिओ आम्ही केला. वसंतकाका संत्र्याचे बागायतदार, बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांचा आवाज असा, की विहिरीवरून हाक मारली तर रस्त्यावरची सायकल थांबावी. सून आली पांढुर्ण्याजवळच्या सावरगावची, सुनंदा नावाची. माझ्याच वयाची असेल. डोक्यावरून पदर, नजर खाली. तीन कॅसेटी लागल्या आणि तिसरीत निम्मी पट्टी उरली. मला त्या घराकडे पुन्हा ओढून नेलं ते मात्र लग्नानं नाही, त्यांच्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीनं. विहीर बागेच्या टोकाला होती. बाभूळ अशी तिरपी वाढलेली, की अर्धी विहिरीच्या तोंडावर. लग्नाच्या चार दिवस आधी देवीला पाणी न्यायला बायका वाजतगाजत तिथे गेल्या, तेव्हा मी कॅमेरा वर केला आणि भिंगात सुगरण पक्षी दिसला. पिवळ्या डोक्याचा नर, चोचीत गवताची हिरवी दोरी. त्यानं ती फांदीला एकदा गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मी वाजंत्री सोडून त्याच्याकडेच कॅमेरा धरून उभी राहिले, आणि मागून कोणीतरी मला ढकललं, ‘अवं, नवरदेव तिकडं हाय!’

एकादशीनंतर मी बाबांकडे कॅमेरा मागितला. बाबांनी दोन अटी घातल्या. एक, नवी कॅसेट उघडायची नाही, लग्नाच्या कॅसेटीची उरलेली पट्टी वापरायची. आमच्या धंद्याची रीतच होती ती. उरलेल्या पट्टीवर कोणाचं बारसं, कोणाच्या दुकानाचं उद्घाटन असं काहीबाही भरलं जायचं आणि मिक्सिंगच्या वेळी वेगळं काढलं जायचं. दुसरी अट, एकटीनं जायचं नाही. म्हणून आई आली. आमच्या मोपेडवर पुढे मी, मागे आई, आईच्या मांडीवर कॅमेरा आणि कॅमेऱ्याच्या मांडीवर, असं आईच म्हणायची, भाकरीचा डबा.

आम्ही विहिरीशेजारच्या मोटरच्या खोलीत बसायचो. तिच्या खिडकीतून बाभूळ समोर, हाताला येईल इतकी जवळ दिसायची. आई दारात बसून तरोट्याच्या भाजीची पानं निवडायची आणि मी भिंगाला डोळा लावून. आवाज केवढा! झाडभर चिवचिवाट, पंखांची फडफड, आणि मध्येच लाइन आली की मोटरची अशी घुमारी, की माझ्या हातातला कॅमेराही थरथरायचा. आधी मला सगळे पक्षी सारखे वाटत. मग नर वेगळा कळू लागला, मादी वेगळी. नर खोपा अर्धाच विणतो, टोपी उलटी टांगल्यासारखा, आणि थांबतो. मादी पाहायला येते. ती आली की झाडावरचे सगळे नर आपापल्या अर्ध्या घराला उलटे लटकून पंख फडफडवत ओरडतात. ती एकात शिरते, चोचीनं दोऱ्या ओढून पाहते, बाहेर येते, दुसऱ्यात जाते. पसंत पडलं तरच नर पुढची नळी विणून घर पुरं करतो. आई पानं निवडता निवडता वर पाही. ‘तिले नाही पटलं पाह्य. मागची भिंत कच्ची हाय म्हनते.’ दुसऱ्या दिवशी तोच नर तोच खोपा स्वतः उसवत होता. आई त्याच्यावर इतकी खूश झाली, की भाकरीचा कुस्करा तिनं त्याच्या नावानं खिडकीत ठेवला. तो अर्थात मुंग्यांनी खाल्ला.

मला मोजायची सवय लहानपणापासूनची. नुसतं ‘पुष्कळ’ म्हटलं की मला अपुरं वाटतं. म्हणून दर फेरीला मी पुरे खोपे वेगळे मोजायचे आणि अर्धे वेगळे. श्रावण निम्मा झाला तेव्हा सव्वीस पुरे होते. आणि त्याच दिवशी वसंतकाका खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्या खांद्यावरचा कॅमेरा पाहून हसले. ‘घे बाप्पा, काढून घे फोटो-बिटो. पोळा झाला का ही बाभूळ पाडून राहिलो मी.’

मी कॅमेरा खाली घेतला. ‘कायले काका?’

‘कायले म्हंजे? पाला पडते पान्यात. फुटवॉल बुजते. दोनदा मोटर जळली माही. बागेले टाइमावर पानी नाही भेटलं तर संत्रा गळते. आरेवाले सांगून ठेवले, तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिशी येतेत.’

त्यांचं काही खोटं नव्हतं. मोटर जळली तेव्हा ते चार दिवस जेवले नव्हते, हे आईलाही माहीत होतं. पण मी हिशेब केला. ज्या घरांत त्या आठवड्यात माद्या बसल्या होत्या, त्यांतली पिल्लं पोळ्याला उडण्याजोगी होणार नव्हती. मी तसं सांगितलं. काका म्हणाले, ‘पाखरं हायेत, जातेत दुसरीकडं,’ आणि मोटर बंद करून निघून गेले. आम्ही दोघी मोपेडवर घरी निघालो. सौंसरची वेस आली तेव्हा आई मागून म्हणाली, ‘तुह्या कॅमेऱ्यातलं त्याईले दाखव ना. त्याईनं झाड पाह्यलं, खोपे कुठं पाह्यले?’

तेच ठरलं. नागपूरचे मिक्सिंगवाले रज्जूभाऊ पाखरांचा भाग वेगळा काढून पंधरा मिनिटांची छोटी कॅसेट करून देतील आणि मी ती काकांना पोळ्याआधी दाखवीन. बाबा तिन्ही कॅसेटी घेऊन नागपूरच्या बसमध्ये बसले. रज्जूभाऊंना भेटून त्यांनी सांगितलंही की यात वंदीनं काढलेली पाखरं आहेत, छान काढली आहेत, नीट वापरा. बाबांच्या मनात काय होतं ते बाबांना ठाऊक होतं. रज्जूभाऊंना ठाऊक होता त्यांचा धंदा. त्या काळात लग्नाची कॅसेट म्हणजे नुसतं लग्न नसायचं. मधूनमधून फुलणारं कमळ, तळ्यातले हंस, धबधबा, आणि बदामाच्या आकारात उघडणारे नवरा-नवरी लागत. हंस आणि कमळं रज्जूभाऊ जन्मभर त्याच त्या एका कॅसेटमधून टाकत आले होते. त्यांना वाटलं, सौंसरच्या स्टुडिओनं या वेळी स्वतःच ताजी पाखरं पाठवली.

रज्जूभाऊंचं काम नेहमीसारखंच लांबलं. पोळा आला, बैल सजले, आई पुरणपोळ्या लाटून दमली, पण कॅसेट आली नाही. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. विदर्भाला लागून असलेल्या आमच्या पट्ट्यात हा लेकरांचा सण. लाकडी बैलाला चाकं लावून, सजवून लेकरं घरोघर फिरतात आणि बोजारा मागतात. बोजारा म्हणजे बैलाची ओवाळणी. मोठ्यांनी काही ना काही द्यायचंच, नाही म्हणता येत नाही. त्या दुपारी नागपूरच्या बसवाल्यानं पुडकं आणून दिलं. आत एकच मोठी कॅसेट. छोटी नाहीच. बाबांनी पुडकं उलटं करून झटकलं, आणि तेवढ्यात वसंतकाकांचा निरोप आला, की कॅसेट आली असं बसस्टँडवर कळलं, टीव्ही अंगणात मांडला आहे, सगळा मोहल्ला जमला आहे, ताबडतोब या. आधी पाहून घ्यायला वेळच राहिला नाही.

अंगणात सतरंज्या पसरल्या होत्या. लेकरं बैल मांडीवर घेऊन पुढे बसलेली. कमलकाकू, म्हणजे वसंतकाकांच्या पत्नी, परातभर करंज्या घेऊन फिरत होत्या. सुनंदा दाराच्या चौकटीला टेकून, पदर सावरून उभी. लग्नाला तीन महिने होत आले होते, पण तिचा आवाज मी अजून ऐकला नव्हता. कॅसेट सुरू झाली. बदाम उघडला, नावं आली, सनई वाजली. दिलीपला हळद लागली. बायकांनी त्याचं डोकंसुद्धा पिवळं केलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, पाकळ्या सरल्या, आणि पडद्यावर पिवळ्या डोक्याचा सुगरण नर बसलेला.

पुढे बसलेल्या एका पोरानं विचारलं, ‘दिलीपभाऊ कुठं गेले?’ आणि जो हशा उसळला! दिलीप करंजी घेऊन घरातच पळाला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. पुढे वरात आली. वऱ्हाडी नाचू लागले, आणि नाचता नाचता झाडावरचे सगळे नर उलटे लटकून पंख फडफडवू लागले. काका खुर्चीत पुढे सरकले.

‘काहो स्टुडिओवाले,’ त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला, ‘हे वऱ्हाडी कोनाकडचे? आम्ही तं पत्रिका नव्हती देल्ली!’

‘नवऱ्याकडचेच हायेत,’ कमलकाकू परात घेऊनच म्हणाल्या. ‘तुमच्या भावासारखे नाचून राह्यले ना.’

रज्जूभाऊंनी मन लावून काम केलं होतं, हे मी आजही म्हणते. नवरी माप ओलांडून घरात आली आणि लगेच मादी खोप्यात शिरली. तिनं एक दोरी ओढली, दुसरी ओढली, मान बाहेर काढून इकडेतिकडे पाहिलं आणि निघून गेली. बायकांनी टाळ्या पिटल्या. कमलकाकूंनी परात खाली ठेवली. ‘पाहा! तिले घर पाहाले भेटते. आमाले कोनी दाखवलं होतं? मी तं आल्यावर पाह्यलं का सैपाकघरात धूर जायले जागाच नाही!’

‘आता तीस वर्सांनी सांगून राह्यली का?’ काका म्हणाले.

‘तीस वर्सं झाली सांगून राह्यली. तुमी आज ऐकलं.’

पुढच्या तुकड्यात मादी पिल्लाला चारा देत होती. पिल्लाची चोच नळीतून बाहेर आलेली, तोंड एवढं उघडं की आतलं सगळं दिसावं. कोणी हसलं नाही. लेकरं गुडघ्यांवर उठली. मोटरची घुमारी सुरू झाली, चित्र थरथरलं आणि दाराच्या चौकटीतून एक आवाज आला.

‘मामाजी, हा आवाज आपल्या मोटरीचा हाय ना? हे आपल्या विहिरीवरचं झाड हाय?’

सुनंदा बोलली होती. सासऱ्याशी, भरल्या अंगणात. काकांनाही मान वळवायला वेळ लागला. त्यांनी उत्तर तिला दिलं नाही, मला विचारलं. ‘वंदे, हे आताचं हाय का? पिल्लं आताबी हायेत तिथं?’

मी उभी राहिले. मला जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं. सव्वीस पुरे खोपे, त्यांतल्या अकरांत मादी चारा घेऊन जाताना मी पोळ्याआधीच्या फेरीत स्वतः पाहिली आहे. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही. काकांनी मान हलवली. ते टीव्हीकडे पाहत राहिले, पण तिथे आता सत्यनारायणाची पूजा चालली होती आणि त्यांचं लक्ष तिच्यात नव्हतं. ‘आरेवाले उद्या सकाळी येतेत,’ ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. ‘आन् मोटर? मोटर जळली तं?’

कॅसेट संपली, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि लेकरांना एकदम आपले बैल आठवले. ती रांगेनं काकांसमोर उभी राहिली. ‘काका, बोजारा! काका, बोजारा!’ काका कोपरीच्या खिशातून नाणी काढून एकेकाच्या हातावर ठेवू लागले. रांग सरत आली. शेवटचं पोर नाणं घेऊन बाजूला झालं आणि त्याच्या मागे सुनंदा उभी होती. देवळीत ठेवलेला दिलीपचा लहानपणचा लाकडी बैल तिनं काढून आणला होता. एक शिंग मोडलेलं, मागचं चाक गायब. दोन्ही हातांनी तो पुढे धरून, पदर तसाच डोक्यावर, नजर खाली.

‘मामाजी, माहा बोजारा.’

काका इतके हसले की खुर्ची मागे सरकली. ‘अवं, तू काय लहान हायेस? बरं बरं, घे, पयला पोळा हाय तुहा.’ त्यांचा हात खिशात गेला.

‘नानं नको,’ सुनंदा म्हणाली. ‘बाभूळ द्या.’

काकांचा हात खिशातच राहिला.

‘सावरगावले आमच्या वावरात होती,’ ती म्हणाली. आता तिची नजर वर आली होती. ‘तोडली. तवापासून मी खोपा आज पाह्यला.’

बोजाऱ्याला नाही म्हणता येत नाही. अंगणातल्या प्रत्येक माणसाला हे माहीत होतं आणि प्रत्येक माणूस काकांकडे पाहत होता. कमलकाकूंनी परात पुन्हा उचलली, पण एकही करंजी कोणाला दिली नाही. काकांनी सुनेकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं, मोडक्या शिंगावरून अंगठा फिरवला. ‘चाक कुठं गेलं याचं?’ त्यांनी विचारलं. मग घराकडे तोंड करून विहिरीवरच्यासारखी हाक मारली, ‘दिलप्या! बाहेर निंघ! पाला पान्यात पडू नये असं काही करता येते का सांग, तुही बायको बाभूळ घेऊन बसली!’

दुसऱ्या सकाळी आरेवाले आले, कारण त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. आई आणि मीही गेलो होतो. मला खात्री करून घ्यायची होती. काकांनी त्यांना रिकामं पाठवलं नाही. त्यांच्याकडून बांधावरचं हिवराचं वाळलेलं झाड पाडून घेतलं, आणि कमलकाकूंनी त्यांना वांग्याच्या भाजीबरोबर रोडगे वाढले. आठवड्याभरात दिलीपनं लोखंडी चौकट करून विहिरीच्या अर्ध्या तोंडावर बारीक जाळी बसवली. पाला जाळीवर पडू लागला. आणखी एक झालं, जे आमच्यापैकी कोणीच योजलं नव्हतं. वाऱ्यानं खोप्यातून पडणारी पिल्लं आधी पाण्यात जायची, ती आता जाळीवर पडत. सुनंदा त्यांना उचलून जवळच्या फांदीवर ठेवायची. सगळी वाचली असं मी म्हणणार नाही. काही वाचली, ती मी पाहिली.

बाबांना धाक होता की लग्नाची कॅसेट बिघडवली म्हणून नाव जाईल. झालं उलटं. तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलं गिऱ्हाईक मोहगावचं आलं आणि बसायच्या आधीच म्हणालं, ‘आमच्याबी कॅसेटमध्ये खोपे टाका. पन वसंतरावच्या झाडावरचे नाही, आमच्या झाडावरचे.’ मग ती पद्धतच पडली. लग्नाआधीच्या पावसाळ्यात मी त्यांच्या वावरात जायचे. कोणाकडे बाभूळ, कोणाकडे शिंदी, कोणाकडे पिंपळावर घारीचं घरटं. ज्या झाडाला आपल्या लेकाच्या लग्नात जागा मिळाली, त्या झाडाला हात लावताना माणूस घुटमळतो, एवढंच मला त्या वर्षांत समजलं. पुढे जंगलखात्याच्या शिबिरांत, शाळांत माझ्या फिती दाखवल्या गेल्या, लोक वन्यजीव संरक्षण वगैरे मोठे शब्द वापरू लागले. मी गणिताची मास्तरीण झाले होते. मला विचारलं की मी सांगते, अशा चौदा झाडांचं मी काढलं, त्यांतली नऊ आज उभी आहेत. पाच गेली. दोन वादळानं, तीन माणसांनी.

आता पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, मोहगावचा रस्ता रुंद झाला. रज्जूभाऊ नाहीत, बाबा नाहीत. आई आहे, आणि मोबाइलवर पाखरं दाखवली तर अजून म्हणते, ‘तिले पटलं नाही पाह्य.’ सुनंदाच्या डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर आला. ती आता स्वतः सासू आहे आणि तिचा आवाज काकांच्यावर गेला आहे. दर तान्ह्या पोळ्याला तिचा फोन येतो. ‘वंदे, औंदा एकतीस.’ मी विचारते, ‘पुरे की अर्धे धरून?’ ती म्हणते, ‘अर्धे मी कधी सांगतले का तुले?’ आणि मी एकतीस मान्य करते.

यंदाही फोन आला. आकडा सांगायच्या आधीच ती हसत सुटली होती. मागच्या वैशाखात तिच्या घरात सून आली, नागपूरची, शिकलेली. ‘अवं, आज बैल घेऊन उभी राह्यली माह्यासमोर. तोच, मोडक्या शिंगाचा. मागते काय? वावराच्या धुऱ्यावरची शिंदी! तिच्यावर औंदा खोपे लागले ना.’

‘मग दिली का?’

‘देऊ कशी? शिंदी आपली नाही ना! शेजाऱ्याची हाय, आन् तो दिवाळीनंतर पाडतो म्हनते.’

‘मग गं?’

‘मग काय मग. त्याच्या पोरीचं लगन हाय डिसेंबरात,’ सुनंदा म्हणाली. ‘तू कवा येतं?’

मी मोबाइल चार्जिंगला लावला आणि आईला म्हटलं, भाकरी दोघींच्या टाक.